एलसीडीवर सगळेच आठ दिसत होते

शेतातल्या टाकीची पातळी दाखवायला बॅटरीवरचा छोटा डिस्प्ले हवा होता. एलईडीचे आकडे सेलचा फडशा पाडतात, म्हणून साधी सेगमेंट एलसीडी (छोट्या पट्ट्यांनी आकडे दाखवणारी) घेतली, 3 व्होल्टची, चार कॉमनची, म्हणजे पट्ट्यांच्या चार सामाईक जोडण्यांची. सोबत एचटी1621 ड्रायव्हर, म्हणजे एलसीडी चालवणारी चिप. तो 128 सेगमेंट स्वतःच रिफ्रेश करतो, त्यामुळे मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळ झोपवता येतो. खरी बचत तिथेच.

जोडणी झाली, पण बंद सेगमेंटही फिकट दिसायला लागले. 2 आणि 8 मध्ये फरक करायला डोळे बारीक करावे लागत. प्रोग्रॅम ठीक होता. मीटर ड्रायव्हरच्या व्हीएलसीडी पिनवर (एलसीडीला किती व्होल्टेज मिळणार ते इथे ठरतं) लावला: 4.5 व्होल्ट, थेट तीन सेलचे.

1/4 ड्यूटी (चार कॉमन आळीपाळीने), 1/3 बायसला (व्होल्टेज एक तृतीयांशाच्या पायऱ्यांत) बंद सेगमेंटवरही व्हीएलसीडीचा एक तृतीयांश आरएमएस (परिणामकारक सरासरी) व्होल्टेज पडतो, चालूवर सुमारे 0.58 पट. म्हणजे 3 व्होल्टला बंद 1.0, चालू 1.73. माझ्याकडे बंदवरच 1.5 पडत होते!

व्हीडीडी (चिपचा पुरवठा) आणि व्हीएलसीडीमध्ये प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) लावून पाहिला. आकडे स्वच्छ झाले, पण सेल उतरले की तेही फिके पडणार. शेवटी अगदी कमी करंट खाणारा 3 व्होल्टचा एलडीओ रेग्युलेटर (पुरवठा थोडाच जास्त असला तरी आउटपुट स्थिर ठेवणारा) बसवला, मायक्रोकंट्रोलर आणि ड्रायव्हर दोन्ही त्यावरच घेतले आणि व्हीएलसीडी व्हीडीडीला जोडला. प्रीसेट काढला, बोर्डही लहान झाला. रेग्युलेटर निवडताना त्याचा स्वतःचा क्विसेंट करंट (लोड नसतानाही लागणारा) मात्र बघा. जुना 78एल05 काही मिलिअँपिअर एकटाच पितो.