सी-टू-सी केबलवर ट्रिमर चार्ज होईना

ट्रिमर लॅपटॉपच्या चार्जरला लावला की ढिम्म. लाल दिवासुद्धा लागेना. त्याच चार्जरवर, त्याच केबलने फोन मात्र मस्त चार्ज होत होता. बॅटरी गेली म्हणून आईने ट्रिमर भंगारात काढलाच होता.

आधी पोर्टमध्ये उजेड मारून पाहिलं. केसांचा भुगा होता, तो लाकडी टूथपिकने हळूच काढला. (सुई किंवा टाचणी घालू नये, आतल्या पिना वाकतात.) फरक शून्य.

गोम केबलमध्ये होती. तिची दोन्ही टोकं टाइप-सी. जुन्या चपट्या यूएसबी-ए सॉकेटमध्ये 5 व्होल्ट कायम असतात, समोर कोण आहे याची चौकशी नाही. टाइप-सी चार्जर मात्र आधी ओळख मागतो. उपकरणाच्या पोर्टमधल्या दोन सीसी पिनांना (जोडणी ओळखण्यासाठीच्या पिना) 5.1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) जोडलेला असावा लागतो. तो सापडला तरच चार्जर वीज सोडतो. स्वस्तातले ट्रिमर, टॉर्च, छोटे पंखे यांत हे रेझिस्टर बऱ्याचदा गाळलेले असतात. किरकोळ पैशांचा माल, पण तिथेही काटकसर!

ड्रॉवरमधला जुन्या मोबाइलचा 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा चार्जर काढला, ए-टू-सी केबल लावली आणि दिवा लागला. अशा उपकरणांच्या खोक्यात येणारी आखूड केबल म्हणूनच जपून ठेवायची.

एखादं उपकरण सी-टू-सी केबलचं टोक उलटं फिरवून घातल्यावरच चार्ज होत असेल, तर त्यात दोनऐवजी एकच रेझिस्टर बसवलेला असण्याची शक्यता जास्त.