बोर्ड गेम आधी एकट्याने खेळा, मग गेम नाइट ठेवा: कोणते गेम आणि कसे

गेम नाइट बोंबलते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, बॉक्स पहिल्यांदा सगळ्यांसमोरच उघडला जातो. मग एकजण नियमांचं पुस्तक वाचतोय, दुसरा मोबाइलवर, तिसऱ्याला भूक लागलीये, अर्धा तास गेला तरी एक पाळी झालेली नाही. म्हणून माझं सरळ सांगणं आहे, शनिवारी जो गेम काढायचा तो त्याआधी एका रात्री एकट्याने पूर्ण खेळून घ्या, आणि हे नुसतं तयारी म्हणून नाही हं, एकट्याने खेळायला खरंच मजा येते, मी तर कित्येकदा फक्त त्यासाठीच बोर्ड मांडते.

एकट्याने सुरुवात करायला माझा सगळ्यात आवडता म्हणजे कॅस्केडिया. 2021 चा गेम, 2022 ला जर्मनीचा श्पील देस यारेस (वर्षातला सर्वोत्तम गेम) पुरस्कार मिळालाय, 1 ते 4 जण खेळू शकतात. षटकोनी फरशा जोडत जंगल-डोंगर-नद्या वाढवायच्या आणि त्यावर अस्वल, एल्क, सामन मासा, ससाणा, कोल्हा यांच्या लाकडी चकत्या ठेवायच्या, बस. समोर फरशी आणि चकती अशा चार जोड्या असतात, त्यातली एक उचलायची, दोन्ही आपल्याकडे ठेवायच्या, अशा 20 पाळ्या झाल्या की गेम संपला. प्रत्येक प्राण्याची ए, बी, सी, डी अशी गुणांची कार्डं आहेत, पहिल्यांदा सगळी ए घ्या, म्हणजे अस्वलं जोडीजोडीने हवीत, ससाणे एकमेकांना चिकटलेले नकोत, एवढं लक्षात राहिलं की निम्मा गेम आला. एकट्याने खेळताना तुमच्या पाळीनंतर उरलेल्यांतली एक जोडी बाद होते, त्यामुळे 'ही पुढच्या वेळी घेऊ' म्हणून निवांत बसता येत नाही. आपला स्कोअर वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच मोडायचा.

ज्या गेममध्ये वेगळा सोलो मोड, म्हणजे एकट्याने खेळायचे नियम, नाहीत तिथे दोन खेळाडूंच्या पाळ्या आपणच खेळायच्या. पॅन्डेमिक (2008, मॅट लीकॉकचा) त्यासाठी एकदम बेस्ट कारण तो मुळातच एकमेकांविरुद्ध नाहीये, सगळे मिळून चार रोगांशी लढतात. दोन भूमिका घ्या, मेडिक आणि सायंटिस्ट ही जोडी नवख्यांना सोपी जाते, दोघांचे पत्ते वेगवेगळे ठेवा आणि आलटून पालटून खेळा, प्रत्येकाला पाळीला चार ॲक्शन. पहिल्यांदा एपिडेमिकची (साथ भडकवणारी) चारच कार्डं गड्डीत घाला, पाच-सहा नंतर. बोर्डवर आपली मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता ही चारही काळ्या रंगाची शहरं आहेत आणि साथ कशी पसरते ते तिथेच मांडून बघण्यासारखं आहे. समजा मुंबईवर रोगाचे तीन काळे ठोकळे आहेत आणि पुन्हा मुंबईचं कार्ड निघालं, तर चौथा ठोकळा ठेवत नाहीत, साथ फुटते आणि कराची, दिल्ली, चेन्नई तिन्हीकडे एकेक ठोकळा जातो, त्यातल्या दिल्लीवर आधीच तीन असतील तर तिथूनही फुटते आणि दिल्ली तर पाच शहरांना जोडलेली आहे. अशा आठ साथी फुटल्या की हरलात. हे एकदा स्वतःच्या हाताने ठोकळे ठेवून केलंत ना, की दुसऱ्याला शिकवताना पुस्तक उघडायची गरजच पडत नाही.

आता लोक बोलवायचे तेव्हा. आधी डोकी मोजा, गेम नंतर ठरवा. कटान मूळ बॉक्समध्ये 3 ते 4 जणांचाच आहे, पाचवा आला की वेगळं एक्स्पान्शन, म्हणजे जोडीचा वाढीव बॉक्स, लागतं. तिकीट टू राइड 2 ते 5. सहा-आठ जण असतील तर सरळ कोडनेम्स (दोन टीममधला शब्द ओळखायचा गेम), किंवा दोन टेबलं करा. आठ जणांना एका मोठ्या गेमला बसवू नका, आपली पाळी येईपर्यंत लोक कंटाळून गप्पांना लागतात आणि मग त्यांना परत टेबलाशी आणणं अवघड.

शिकवायचं कसं? आधी जिंकायचं कसं ते सांगा, मग एका पाळीत काय काय करता येतं ते, आणि लगेच सुरू करा. पहिली फेरी पत्ते उघडे ठेवून खेळा, बारीकसारीक अपवाद जेव्हा येतील तेव्हा सांगायचे. कटानमध्ये सुरुवातीची घरं मांडतानाच एक गोष्ट मात्र नक्की सांगा, घराशेजारचा आकडा फाशांवर पडला तरच माल हातात येतो, 6 आणि 8 हे आकडे दोन फाशांवर प्रत्येकी 36 पैकी 5 वेळा पडू शकतात आणि 2 किंवा 12 फक्त एकदा, कारण हे माहीत नसलेला माणूस कोपऱ्यातल्या 12 वर घर बांधतो आणि पुढचा तासभर हातात काहीच न येता बसून राहतो, हे त्याच्यावर अन्यायकारक आहे असं मला मनापासून वाटतं.

घरात मेंढीकोट, पाच-तीन-दोन खेळणारी मंडळी असतील तर द क्रू हा पत्त्यांचा गेम आणाच. हात करणं, रंग फॉलो करणं, हुकूम मारणं सगळं तेच, चार रंगांत 1 ते 9 आणि रॉकेटची चार पानं हुकमाची. फरक एवढाच की सगळे एका बाजूला, ठरलेला पत्ता ठरलेल्या माणसाच्याच हातात गेला पाहिजे, आणि बोलायचं नाही! प्रत्येकाला एका मोहिमेत एकदाच एक पान उघडं ठेवून सांगता येतं की या रंगातलं हे माझं सगळ्यात मोठं, किंवा सगळ्यात लहान, किंवा एकुलतं एक. ज्या काका-मामांना 'हे नवीन गेम आपल्याला नाही जमत' असं वाटतं ते यात सगळ्यांच्या पुढे असतात. बॉक्समध्ये 50 मोहिमा आहेत, एका संध्याकाळी पाच-सात सहज होतात.

कोडनेम्स मराठीत खेळा, फार रंगतो. बॉक्समधलं रंगांचं की-कार्ड (कोणता शब्द कुणाचा ते फक्त क्लू देणाऱ्याला दाखवणारं) तसंच वापरायचं, फक्त शब्द आपले, कागदाच्या 25 चिठ्ठ्या पाच बाय पाच मांडायच्या. शब्द निवडताना दोन-तीन अर्थांचे घ्या: हार, नाव, पान, वर, मान, कर, माळ, कळ, डाव, तार. समजा तुमच्या टीमचे 'वर' आणि 'हार' आहेत, तुम्ही क्लू दिलात 'लग्न, दोन', म्हणजे लग्नाशी जुळणारे दोन शब्द, पण टेबलावर 'पान' पण आहे आणि तोच काळा शब्द आहे, म्हणजे ज्याला बोट लावलं की टीम हरते, तर तुमच्यातलं कुणीतरी पंगतीचं पान नाहीतर विडा आठवून तिथे बोट ठेवणार आणि डाव तिथेच संपणार. त्यामुळे क्लू द्यायच्या आधी नजर पहिल्यांदा काळ्या शब्दावर, मग आपल्या शब्दांवर.

सगळे मिळून खेळायच्या गेममध्ये एक त्रास हमखास होतो, ज्याला गेम येतो तो सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळायला लागतो. तुम्ही एकट्याने खेळून आला असाल तर तो माणूस तुम्हीच असण्याची शक्यता जास्त, म्हणून आधीच नियम ठेवा, ज्याची पाळी त्याचाच निर्णय, आणि नवीन माणसाने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. चुकीची चाल झाली तरी चालेल, होऊ द्या.

खाण्याचं बघायचं तर चिवडा, भजी, फरसाण टेबलावर नको, मधल्या ब्रेकला ठेवा, तेलकट बोटांनी पत्ते एका रात्रीत खराब होतात. जे गेम नेहमी निघतात त्यांच्या कार्डांना स्लीव्ह (प्लॅस्टिकची कव्हरं) घालून टाका. पावसाळ्यात कार्डं वाकतात, बॉक्समध्ये सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात गेम ठेवू नका. आवरताना प्रत्येक रंगाचे तुकडे वेगळ्या झिपलॉक पिशवीत, पाहुणे निघायच्या आधीच, चार हात असले की पाच मिनिटांत होतं.