केंद्रीय शिक्षणमंत्र्यांची यादी पाठ करताय? मग या चुका टाळा

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या अभ्यासिकेत एका मुलीने भिंतीवर लावायला तक्ता आणला, कुठल्यातरी क्लासचा, एकदम रंगीत, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं "भारताचे मनुष्यबळ विकास मंत्री, १९४७ पासून आजपर्यंत" आणि खाली पहिलंच नाव मौलाना आझाद. म्हणजे शीर्षकातच चूक. तिने तो अख्खा तक्ता तीन दिवस बसून पाठ केला होता हो, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्या दिवशी आम्ही चार-पाच जण बसून पूर्ण यादी सोडवली, आणि लक्षात आलं की बहुतेक चुका एकाच कारणाने होतात : लोक नावं पाठ करतात पण त्या तारखेला खात्याचं नाव काय होतं, खात्यात काय काय होतं, हे बघतच नाहीत.

आता बघा, १९४७ ते १९८५ हे शिक्षण मंत्रालय होतं (सोबत कधी वैज्ञानिक संशोधन, कधी समाजकल्याण, कधी संस्कृती जोडलेलं). सप्टेंबर १९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात त्याचं मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं आणि २०२० मध्ये परत शिक्षण मंत्रालय. त्यामुळे "पहिले शिक्षणमंत्री" विचारलं तर आझाद, पण "पहिले मनुष्यबळ विकास मंत्री" विचारलं तर पी. व्ही. नरसिंह राव. आणि राव तेव्हा खासदार कुठले होते माहितीये का, आपल्या रामटेकचे! हे एकदा डोक्यात बसलं की ते नाव परत विसरत नाही. तसंच आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर २०१६ ते २०१९ तिथे होते, सगळे त्यांना शिक्षणमंत्री म्हणायचे, बोलताना ठीक आहे पण पेपरात त्यांचं पद मनुष्यबळ विकास मंत्री असंच लिहायचं. नाव बदललं तेव्हा खुर्चीवर रमेश पोखरियाल निशंक होते.

आझादांच्या बाबतीत अजून एक. सगळीकडे १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख दिसते, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून ती बरोबरच आहे, पण ते अंतरिम सरकारात जानेवारी १९४७ लाच आले होते आणि त्यांच्या आधी शिक्षण खातं राजगोपालाचारींकडे होतं. शेवट २२ फेब्रुवारी १९५८, पदावर असतानाच ते गेले. म्हणजे सलग अकरा वर्षं, एवढा मोठा काळ नंतर कुणालाच मिळाला नाही. त्या तक्त्यात त्यांच्यापुढे "१९४७-५२" छापलेलं, पहिल्या निवडणुकीला सगळं मंत्रिमंडळ बदललं असं कुणीतरी गृहीत धरलं असणार.

संस्कृतीचा घोळ तर विचारूच नका. आज संस्कृती मंत्रालय वेगळं आहे म्हणून मुलांना वाटतं ते पहिल्यापासूनच वेगळं असेल. साहित्य अकादमी १९५४ ची, ललित कला अकादमी पण १९५४ ची, संगीत नाटक अकादमी १९५३ ची, ह्या तिन्ही आझादांच्या काळात का उभ्या राहिल्या, तर संस्कृती शिक्षण खात्यातच होती म्हणून. आझाद गेल्यावर १९५८ ला वाटणी झाली, शिक्षण के. एल. श्रीमाली यांच्याकडे आणि वैज्ञानिक संशोधन व सांस्कृतिक कार्य हुमायून कबीर यांच्याकडे. त्यामुळे १९६० सालचा संस्कृतीविषयक प्रश्न असेल तर उत्तर कबीर, श्रीमाली नाही. पुढे तुकडे परत जोडले गेले, १९८५ च्या मोठ्या मंत्रालयात संस्कृती हा एक विभाग होता, आणि १९९९ नंतर ते पुन्हा वेगळं झालं. गोव्याचे श्रीपाद नाईक २०१४ मध्ये काही महिने पर्यटन आणि संस्कृती सांभाळत होते, त्याच वेळी मनुष्यबळ विकास स्मृती इराणींकडे होतं, ही दोन नावं एकाच रकान्यात टाकू नका.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते आयोग आणि धोरणाच्या प्रश्नात. कोठारी आयोग नेमला गेला १९६४ ला, तेव्हा शिक्षणमंत्री एम. सी. छागला, मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. पण त्या आयोगावरून पहिलं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं १९६८ ला आणि तोवर मंत्री त्रिगुण सेन झाले होते. नेमणारा वेगळा, धोरण आणणारा वेगळा. २०२० च्या धोरणाचं पण तसंच, कस्तुरीरंगन समिती नेमली जावडेकरांच्या काळात २०१७ ला, आणि मसुदा हातात पडला निशंक यांच्या, ३१ मे २०१९ ला, म्हणजे आल्या आल्याच. १९८६ चं धोरण मात्र सरळ नरसिंह रावांचं, आणि १९९२ ची सुधारणा अर्जुनसिंगांच्या वेळची.

मंत्री नसलेल्यांना मंत्री करणं ही आपल्या मराठी मुलांची खास चूक. सी. डी. देशमुख १९५६ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, त्याआधी अर्थमंत्री, शिक्षणमंत्री कधीच नव्हते. जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, त्या अहवालामागे त्यांचे प्रचंड कष्ट आहेत आणि त्यांचं नाव यायलाच पाहिजे, पण मंत्र्यांच्या यादीत नाही. उलट जे खरंच होते ते राहून जातात. शंकरराव चव्हाण १९८०-८१ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री होते, पण सगळ्यांना ते मुख्यमंत्री आणि गृहमंत्री म्हणूनच आठवतात, आणि एका वहीत तर त्यांच्या जागी यशवंतराव लिहिलेलं सापडलं. यशवंतरावांनी संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र सांभाळलं, शिक्षण नाही.

दर्जा पण बघा. नुरुल हसन (१९७२-७७) आणि शीला कौल (१९८१-८४) हे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री होते, कॅबिनेट नाही. नुरुल हसन यांच्याच काळात ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण राज्यसूचीतून (म्हणजे राज्याच्या विषयांतून) समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांत) आलं, म्हणून त्याआधीच्या शाळांबद्दलच्या निर्णयांचं श्रेय किंवा दोष लगेच केंद्रीय मंत्र्याला देऊ नका, आधी राज्याचा मंत्री कोण होता ते बघा.

यादी जुळत नसेल तर बहुतेक वेळा गाडी १९९४ ते १९९६ मध्ये अडकते. अर्जुनसिंगांनी डिसेंबर १९९४ ला राजीनामा दिला, मग खातं पंतप्रधान नरसिंह रावांनी स्वतःकडे ठेवलं, फेब्रुवारी १९९५ ला माधवराव शिंदे आले (शाळेतली पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ची, त्यांच्याच वेळची), आणि १९९६ च्या सुरुवातीला परत राव. अर्जुनसिंग पुढे २००४ ला दुसऱ्यांदा आले. त्यामुळे "एकूण किती मंत्री" मोजताना माणसं मोजताय की कार्यकाळ, हे आधी ठरवा, नाहीतर दोघांची उत्तरं कधीच जुळणार नाहीत.

आम्ही शेवटी वहीच्या आडव्या पानावर चार रकाने आखले : तारीख पासून-पर्यंत, मंत्री, दर्जा, आणि त्या दिवशी खात्याचं पूर्ण नाव. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शंका आली तिथे लोकसभेच्या सदस्य परिचयात किंवा शपथविधीच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बघितलं. तक्ता फेकला नाही, शीर्षकावर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "केंद्रीय शिक्षण खात्याचे मंत्री", आणि खाली १९८५ आणि २०२० च्या जागी लाल पेनाने दोन आडव्या रेघा.