रवांडा, युगांडा, केनिया आणि पुढे टांझानिया: व्हिसाचं गणित कसं सोडवलं (माझा अनुभव)

एजंट प्रत्येक देशाचा वेगळा व्हिसा काढा म्हणत होता. पण रवांडा, युगांडा आणि केनिया मिळून एकच ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा मिळतो: १०० डॉलर, ९० दिवस. ज्या देशात आधी उतरणार, त्याच्याकडेच अर्ज करायचा. मी रवांडाकडे ऑनलाइन केला. त्यावर केनियाचा वेगळा ईटीए (प्रवासाआधी घ्यायची ऑनलाइन परवानगी) लागला नाही.

खरी अडचण टांझानियाची. तो या व्हिसात नाही, आणि मध्येच तिकडे गेलं की हा व्हिसा संपतो. माझ्या आराखड्यात टांझानियातलं अरुशा शहर मधोमध होतं. ते सरळ शेवटी नेलं: किगाली, कंपाला, नैरोबी, मग नमांगा सीमेवरून अरुशा. टांझानियाचा ई-व्हिसा आधीच काढून ठेवला.

यलो फीवरच्या लशीचं पिवळं पुस्तक (लस घेतल्याचं प्रमाणपत्र) मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा. नमांगाला व्हिसाच्या आधी तेच मागितलं. लशीच्या तारखेवर बोट ठेवून सीमेवरच्या अधिकारी बाईंनी नीट तपासलं. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. भारतात परततानाही ते दाखवावं लागतं; नसेल तर विलगीकरणात ठेवतात. म्हणून तिकिटाच्या आधी लशीची तारीख घ्या.