निवडणुकीआधी देवस्थानाच्या विश्वस्तांची तयारी

आचारसंहिता लागायची वाट बघू नका, त्याआधीच कामाला लागा. आणि पहिलं काम सभामंडपाच्या किल्लीचं. आमच्याकडे मागच्या खेपेला ठराव झाला होता, देणगीदारांचे फलक झाकले होते, पावतीपुस्तक कुलपात होतं. किल्ली मात्र नेहमीसारखी नाक्यावरच्या दुकानात खिळ्याला लटकत राहिली. कोणीतरी हळदीकुंकवाचं सांगून ती नेली आणि संध्याकाळी देवीच्या मंडपात पॅनलच्या उमेदवारांची ओळख झाली. मागे त्यांचा बॅनर, वर देवस्थानाचं नाव, असा फोटो रात्रीपर्यंत सगळ्या वाड्यांच्या ग्रुपवर फिरला. म्हणून आधी किल्ली ताब्यात घ्या. जास्तीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते विचारा, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाकडेही एखादी असते. हिशेब लागत नसेल तर कुलूपच बदला.

हा नुसता गावच्या अब्रूचा प्रश्न नाही. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे देवळाची जागा राजकीय कामाला वापरायची नाही आणि वापरूही द्यायची नाही. त्यातलं 'वापरू द्यायची नाही' हे विश्वस्तांनी नीट वाचावं. कलम ७ खाली व्यवस्थापकाला, म्हणजे कारभार बघणाऱ्याला, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'ग्रामपंचायतीला पक्ष कुठे असतो, पॅनल असतं' हे उत्तर सगळे देतात, पण ते चालत नाही. स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतल्या उमेदवारासाठी केलेलं कामही त्या कायद्यात राजकीय कामच धरलंय.

मग ठराव. निवडणूक होईपर्यंत मंडप, खुर्च्या, स्पीकर, जनरेटर आणि महाप्रसादाची भांडी कोणत्याही उमेदवाराला किंवा त्याच्या माणसाला प्रचारासाठी मिळणार नाहीत, असं नावानिशी लिहा. मोघम लिहिलंत तर भांडी जातातच. वाढदिवस, बारसं, बचतगटाची बैठक यांना लेखी अर्ज घ्या आणि किल्ली सही घेऊनच द्या. कार्यक्रम संपून दार बंद होईपर्यंत कमिटीचा एक माणूस तिथे थांबला पाहिजे. किल्ली देऊन घरी जायचं नाही. आपल्या भावकीतला माणूस मागायला आला तरीही नाही.

विश्वस्तच उभा राहणार असेल तर त्याने निकालापर्यंत कारभारातून बाजूला व्हावं, हे माझं स्पष्ट मत. त्याने राजीनामा दिला तर विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. त्याने संस्थेची जागा फुकट वापरली तर प्रकरण करसूटीवरही येतं. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला योग्य भाडं न घेता संस्थेची इमारत वापरू दिली, तर तो संस्थेचा गैरफायदा धरला जातो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे आकडे बदललेत, ते सीएंकडून लिहून घ्या.

गावच्या वाचनालयाचं थोडं वेगळं आहे. ते देऊळ नाही, त्याला १९८८ चा कायदा लागत नाही. पण ते धर्मादाय नोंदणीवर आणि करसूटीवर चालतं, त्यामुळे त्याचा पैसा उमेदवाराकडे वळवता येत नाही. गावाच्या प्रश्नावर तिथे बोलायला मात्र कोणी घाबरू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच म्हटलंय, की मुख्य हेतू लोकहिताचा असेल तर त्यासाठी एखाद्या कायद्याला पाठिंबा किंवा विरोध केल्याने संस्थेचं धर्मादाय स्वरूप जात नाही. जेटी, महामार्ग, सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, यांवर निवेदन द्या, सभा घ्या. 'अमक्याला मत द्या' तेवढं म्हणायचं नाही. आणि ही सभा वाचनालयातच घ्या, देवळात नको.

देणग्या. निवडणूक जवळ आली की भजनी मंडळाला टाळ-पखवाज येतात, पोरांना जर्सी येतात. देवस्थानाच्या नावाने घ्यायचंच असेल तर देणाऱ्याच्या खऱ्या नावाने पावती फाडा. सत्कार नाही, फलक नाही, पालखीपुढे नाव पुकारणं नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणाऱ्याला आयकरात सवलत (जुन्या कायद्यातलं ८०जी) मिळत नाही, हे आधीच सांगा. उलट दिशेने, संस्थेकडून पक्षाला, एक रुपयाही जाता कामा नये. पक्षाला देणगी देणाऱ्यासाठी आयकरात वेगळी सवलत आहे, त्याला तुमचं पावतीपुस्तक लागत नाही.

शिमगा मधे आला तर मानकऱ्यांना आधी बसवून सांगा. उमेदवार गावकरी म्हणून पालखीला खांदा देईल, त्याला कोण अडवणार? गळ्यात पक्षाचं उपरणं घालून नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ६ ची राजकीय कामावरची बंदी सण आणि मिरवणुकीलाही लागू आहे. पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावर, असते तेव्हा सगळं गाव तिकडे असतं आणि मंडपाकडे कोणाचं लक्ष नसतं. तेव्हा किल्ली कोणाकडे आहे, हे अध्यक्षांना माहीत असलंच पाहिजे. गुरवांवर ढकलू नका, त्यांना दहा जणांना नाही म्हणायला लावणं बरोबर नाही.

देवस्थानाच्या नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता करा. चाकरमान्यांना मतदानाला आणणाऱ्या गाड्यांची यादी त्यावर फिरवू नका. आमदार-खासदारांच्या निधीतून बांधलेल्या मंडपावरच्या नावाच्या पाट्या झाका. एवढं करूनही कोणी मंडपात प्रचार करणार असं कळलं तर पोलिसांना कळवा. तेही व्यवस्थापकाचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

मतदानाच्या दिवशी मंडप बंद. निकालाच्या संध्याकाळीही बंद, गुलाल आत येता कामा नये. नंतर खुर्च्या मोजा, अर्ज आणि सह्यांची वही इतिवृत्ताला जोडा, देणग्यांचं विवरण सीएंकडे द्या.