एलपी डिजिटल करताना घुंघुं कशी घालवली

एलपी रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल थेट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडलं तर आवाज अगदी पातळ येत होता आणि गाण्यामागे सतत घुंघुं.

पातळपणाचं कारण रेकॉर्डमध्येच आहे. खोबण कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार स्वर उचलतात. वाजवताना ते उलट करून घ्यावं लागतं, त्याचं ठरलेलं प्रमाण म्हणजे आरआयएए. शिवाय साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. मध्ये फोनो प्रीअँप (ही उलटापालट करून आवाज वाढवणारं उपकरण) टाकला आणि डग्ग्याची घुमारी लगेच परत आली. खर्च करायचाच तर आधी इथे करा, असं माझं ठाम मत आहे.

घुंघुं मात्र तशीच. टर्नटेबलमधून आवाज नेणाऱ्या आरसीए केबलींबरोबर एक बारीक वायर लोंबत असते, टोकाला यू आकाराची पितळी पट्टी. ती अर्थिंगची. प्रीअँपच्या मागच्या स्क्रूखाली पट्टी सरकवून घट्ट आवळली, तशी घरघर एकदम बसली. उरलासुरला गुणगुणाट लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर गेला.

मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटवर रेकॉर्डिंग. रेकॉर्डवरचा सगळ्यात जोरकस भाग आधी वाजवून पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवली. आवाज एकदा फाटला की नंतर सांधता येत नाही.

खरखर काढायचा फिल्टर बेतानेच लावा, नाहीतर तबल्याची चाटही बोथट होते. मूळ रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) जसंच्या तसं जपून ठेवलंय, सफाई फक्त प्रतीवर.