हायवेवर अचानक काही आडवं आलं तर

समोर कुत्रं आलं म्हणून स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, कुत्रं वाचलं आणि गाडी उलटली, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. भरधाव गाडीत आपल्या हाताने दिलेला झटका समोरच्या संकटापेक्षा महागात पडतो. खालचं सगळं तो झटका टाळण्यासाठीच आहे.

निघण्यापूर्वी. टायर थंड असताना हवा तपासा. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि कमी हवा भरलेली लपून जाते. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती सतत दुमडतात, तापतात आणि शेवटी फाटतात. स्टेपनीही बघा, ती कोणी बघत नाही.

अंतर आणि वेग. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ४० मीटर नुसत्या बघण्यातच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी ५० मीटर तरी लागतात. रात्री डिपरचा, म्हणजे खाली वळवलेल्या हेडलाइटचा, उजेड जेमतेम ५०-६० मीटर पोचतो. आता तुम्हीच हिशेब करा. डिपरवर असाल तर वेग ६०च्या आसपास ठेवा, नाहीतर दिवे बंद करून उभा असलेला ट्रक दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तीन म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर अंतर कमी आहे. पावसात ते दुप्पट हवं.

समोर काही आलं तर सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, खडखडतं. घाबरून पाय उचलू नका, ते तसंच चालतं. शेजारची लेन मोकळी आहे हे आरशात आधीच पाहिलेलं असेल तरच बाजूला व्हा, तेही वेग उतरल्यावर. खड्डा चुकत नसेल तर त्यात चाक जाण्याच्या किंचित आधी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली दबलेलं असतं आणि धक्का सोसायला सस्पेन्शनला जागा उरत नाही. जनावर रस्ता ओलांडून गेलं तरी लगेच वेग घेऊ नका, मागून दुसरं येतं.

टायर फुटला तर आधी ‘धाड्’ असा आवाज, मग फटफट. पुढचा असेल तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, मागचा असेल तर गाडीची शेपटी डोलते. पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो तिथे जाऊ द्यायचा नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग तीस-चाळीसवर आला की मग हलका ब्रेक मारून कडेला घ्या.

साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगतोय. इथेही तेच: ब्रेक नाही, वळवणं नाही, फक्त पाय उचला. पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, बंदच ठेवा.

ब्रेक लागेना तर पेडल भराभर मारा, एकेक गिअर उतरवा, मग हँडब्रेक थोडा थोडा ओढा. अॅक्सिलरेटर अडकला तर गाडी न्यूट्रल करा. दोन्ही वेळा चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं.

थांबल्यावर. सगळं निभावून नेलेली माणसं इथे चुकतात. गाडी कडेला लागली की पार्किंग लाइट लावून आतच बसून राहतात, नाहीतर गाडीमागे रस्त्यावरच उभं राहून फोन करतात. वाहतूक नसलेल्या बाजूच्या दाराने सगळ्यांना उतरवा, कठड्यापलीकडे न्या आणि गाडीच्या पुढे नाही, मागच्या बाजूला काही अंतरावर उभं करा. कुणी गाडीला ठोकलंच तर ती पुढे ढकलली जाते. फुटलेलं चाक रहदारीच्या बाजूचं असेल तर ते स्वतः बदलत बसू नका, मदत मागवा.